झाकण उघडायचं नाही

इकाच्या खोऱ्यात पायार पिकवणारे पुष्कळ, पण पायारवर बोलणारे डॉन आनसेल्मो उचूया एकच. डबल बीचा तो पांढरा, अंगठ्याएवढा दाणा चिमटीत धरून तो कोणाच्या वाफ्यातला, पाटाच्या वरच्या अंगाचा की खालच्या, आणि पेरणीच्या दिवशी त्या घरात नवराबायकोचं भांडण झालं होतं की नव्हतं, इथपर्यंत ते सांगायचे. पन्नास वर्षं त्यांनी नदीच्या पाण्याच्या पाळ्या धरल्या होत्या, त्यामुळे त्यांना अडवायला कोणी जात नसे. त्यांच्या ज्ञानात भोक असं एकच होतं. दाणा स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत गेला की ताटात परत येईपर्यंत त्याचं काय होतं, हे त्यांना काडीइतकं माहीत नव्हतं.

यात त्यांचा दोष नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी दोमितीलाने त्यांना दंडाला धरून स्वयंपाकघराबाहेर काढलं होतं. पायारची हंडी आचेवर असताना पुरुषाने आत यायचं नाही आणि झाकण तर कोणीच उघडायचं नाही. पायारला दृष्ट लागते, आणि एकदा लागली की तो जन्मात शिजत नाही, असं तिने सांगितलं. तिची आजी म्हणायची म्हणे. आनसेल्मोंना हा नियम इतका सोयीचा वाटला की त्याबद्दल त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. दर रविवारी दहा ते एक ते पुढच्या अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली बसत. आत दार लावून दोमितीला रेडिओवरची मालिका मोठ्याने लावी. एकच्या ठोक्याला ताट येई. पहिला घास घेऊन आनसेल्मो डोळे मिटत, सगळं घर श्वास रोखून बसे, आणि मग ते म्हणत, "मीठ जरा कमी आहे." त्यानंतर ते दोन ताटं रिकामी करत. चव्वेचाळीस वर्षं असंच चाललं होतं.

घरात मीठ कमी असलं तरी गल्लीत ते जास्तच असायचं. आमच्या दोमितीलासारखा पायार या खोऱ्यात कोणाला जमत नाही, असं ते येईल त्याला ऐकवत, आणि हे सांगताना मागच्या बाजूला मान वळवत. मागच्या बाजूला मातीच्या कच्च्या विटांची सामाईक भिंत होती आणि भिंतीपलीकडे सोराइदाबाई राहायच्या. सोराइदाबाईही पायार करायच्या, आणि बरा करतात अशी काही लोकांची समजूत होती, ती आनसेल्मोंना खपत नसे. ती भिंत एका जागी कमरेइतकी खचली होती आणि तिथला माथा हात फिरवून गुळगुळीत केल्यासारखा झिजला होता. मांजरांच्या येण्याजाण्याने, असं आनसेल्मोंचं मत होतं. मत नाही अशी गोष्टच त्यांच्याजवळ नव्हती.

पुराच्या वर्षाबद्दल तर त्यांचा स्वतंत्र शोध होता. मुलगी नेलिदा आठ वर्षांची असताना नदी घरात शिरली, गुडघाभर गाळ टाकून गेली, आणि पुढे वर्षभर रविवारचा पायार करपट लागत राहिला. दुसरा कोणी असता तर त्याने बायकोकडे बोट दाखवलं असतं. आनसेल्मोंनी नदीकडे दाखवलं. नदीने डोंगरातली जळकी माती आणली आणि ती दाण्यात उतरली, असा त्यांचा सिद्धान्त होता. शेतकी खात्याच्या एका साहेबाला रस्त्यात उभं करून त्यांनी तो तासभर समजावला होता, आणि सुटका व्हावी म्हणून असेल, पण साहेबाने तो वहीत लिहूनही घेतला होता. त्या सबंध वर्षात दर रविवारी आनसेल्मोंनी करपट पायारची दोन-दोन ताटं खाल्ली आणि दर रविवारी नदीला शिव्या दिल्या.

या फेब्रुवारीत दोमितीला गेली. तीन दिवस ताप आला आणि ती गेली. पुढचे काही महिने आनसेल्मो मांडवाखाली बसून राहिले. एक वाजला की त्यांचे कान आपोआप आत लागत, आणि आतून कोणी हाक मारत नसे. हे दुःख त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नाही, कारण याच्यावर त्यांच्याजवळ मत नव्हतं.

ऑक्टोबरात नेलिदा लीमाहून आली. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे पुरावा मांडल्याशिवाय बोलत नसे. तिने परसात पडलेले मासळीचे रिकामे डबे गोळा केले, फरशीवर दहा-दहाच्या ओळीत लावले आणि वडिलांना बोलावलं.

"त्रेचाळीस," ती म्हणाली. "हे काय जेवण झालं, बाबा?"

"त्यातले निम्मे मांजराने खाल्ले."

"मांजर मेलं त्याला चार वर्षं झाली."

मग तिने ठरवलेलंच सांगितलं. लीमात तिचं घर चौथ्या मजल्यावर होतं. इस्त्रीच्या टेबलामागे एक खोली होती, तिथे खाट मावत होती. आनसेल्मोंनी ती खोली पाहिली होती. तिच्या खिडकीतून समोरच्या घराची खिडकी दिसायची आणि त्या खिडकीतून एक माणूस यांच्याकडे बघायचा. लीमातला सूर्य सरकारी कचेरीसारखा, आठवड्यातून दोनदा आणि तोही अर्धाच दिवस उघडा. पायाखाली चार मजले परक्या लोकांची छतं आणि हाताला माती म्हणून कुंडीतली. तिथे आपण वर्षभरात मरू, हे आनसेल्मोंना स्वच्छ दिसलं. पण मरण्याची भीती वाटते असं मुलीला सांगण्यापेक्षा त्यांनी बढाई मारली. आपल्याला स्वयंपाक येत नाही असं कोणी सांगितलं, पन्नास वर्षं ज्याने पायार पिकवला त्याला तो शिजवायला काय लागतं, पाणी आणि आच, एवढंच ना, असं ते म्हणाले.

नेलिदाने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "ठीक. पुढच्या रविवारी मी येते. तुम्ही पायार करा. माझ्याच्याने एक ताट संपलं, तर लीमाचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही संपलं, तर मी बॅग घेऊनच येणार आहे."

"आण बॅग," आनसेल्मो म्हणाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे त्यांना बस सुटल्यावर कळलं.

मंगळवारी पहिला प्रयोग झाला. दाणे भिजत घालतात हे त्यांना ठाऊक होतं, कारण ओल्या जमिनीत दाणा फुगतो हे तर शेतकऱ्याच्या पोटातलं ज्ञान. फक्त किती फुगतो, याचा अंदाज जमिनीत येत नाही. तीन किलो भिजवले ते सकाळपर्यंत पातेल्यातून बादलीत, बादलीतून दुसऱ्या बादलीत आणि शेवटी कपडे धुण्याच्या टबात गेले. साल काढायचं असतं हे त्यांनी जेवताना पाहिलं होतं. ताटात साल कधी नसायचं. त्यांनी दाणा चिमटीत दाबला, तो सालातून सुटला आणि कपाटावरच्या संत मार्तीनच्या तसबिरीला लागला. दोन तासांत त्यांनी दाणे सोलले कमी आणि वेचले जास्त.

मग हंडी शेगडीवर चढली, झाकण बसलं, आणि आनसेल्मो नियमाप्रमाणे बाहेर मांडवाखाली जाऊन बसले. आत डोकवायचा प्रश्नच नव्हता. स्वयंपाकी आपणच आहोत आणि दृष्ट लावणारा पुरुषही आपणच, यातून वाट कशी काढायची यावर त्यांनी बराच विचार केला, आणि पाठ फिरवून बसणं हेच सुरक्षित, असा निष्कर्ष काढला. साडेअकराला करपल्याचा वास आला. आनसेल्मोंनी वर नाक करून हुंगलं आणि मान डोलावली. गाळ, ते स्वतःशी म्हणाले. यंदा पूर आला नव्हता, पण जुना गाळ खाली राहिलेला असतो. एक वाजता त्यांनी झाकण काढलं तेव्हा हंडीत कोळसा होता. कोंबड्यांना घातला तर कोंबड्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या निघून गेल्या.

गुरुवारी त्यांनी हंडीत गळ्यापर्यंत पाणी ओतलं आणि आयुष्यभराची तक्रार एका फटक्यात मिटवावी म्हणून सुरुवातीलाच मूठभर मीठ टाकलं. तासाभराने त्यांना राहवलं नाही. एका डोळ्यावर हात ठेवून, दुसऱ्या डोळ्याने, क्षणभरच त्यांनी झाकणाखाली पाहिलं. चार तास झाले, पाच झाले. दाणा नदीतल्या गोट्यासारखा तसाच. आनसेल्मो हादरले. मीठ आधी घातलं की पायार हटून बसतो, हे गल्लीतली कुठलीही बाई सांगू शकली असती. पण आनसेल्मोंच्या मते दोमितीलाची आजी खरी ठरली होती. एका डोळ्याने पाहिलं तर ही गत, दोन्हींनी पाहिलं असतं तर शेगडीच फुटली असती.

शुक्रवारी ते काही न खाता बसून राहिले. कपाटावर लीमाच्या बसचं वेळापत्रक नेलिदाने चिकटवून ठेवलं होतं. संध्याकाळी ते उठले, उरलेल्या दाण्यांतले चांगले निवडले, टोपलीत भरले आणि मागच्या भिंतीशी गेले. चव्वेचाळीस वर्षांत ते या भिंतीशी बोलायला असे कधी गेले नव्हते. जे बोलायचं ते पुढच्या अंगणातून, पाठ करून आणि सर्वांना ऐकू जाईल असंच बोलले होते.

सोराइदाबाई पलीकडे कपडे काढत होत्या. बुटक्या, रुंद, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी, आणि नवरा गेल्यापासून कोणालाही घाबरणं सोडून दिलेलं. आनसेल्मोंनी घसा खाकरून हवापाण्यापासून सुरुवात केली. बाईंनी मधेच थांबवलं. मंगळवारचा कोळसा आणि गुरुवारचे गोटे, दोन्हींचे वास भिंतीवरून आले होते, असं त्या म्हणाल्या. तेव्हा आनसेल्मोंनी सगळं सांगून टाकलं, बॅगेसकट.

"म्हणजे पायार मी करायचा," सोराइदाबाई म्हणाल्या, "आणि नाव तुमचं."

"तसंच काहीसं."

बाई हसायला लागल्या. आधी तोंड दाबून, मग वाळत घातलेल्या चादरीत तोंड खुपसून, मग भिंतीला टेकून त्या इतका वेळ हसल्या की आनसेल्मोंना टोपली खाली ठेवावी लागली. "करते," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या नावावर चालायची सवय आहे माझ्या हंडीला."

याचा अर्थ आनसेल्मोंना लागला नाही आणि विचारायला तोंडही नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं, बाईंनी होकार का दिला. तुम्ही गेलात की हे घर कोणीतरी घेईल, तीन मजले चढवेल आणि माझ्या परसातलं ऊन जाईल, असं उत्तर आलं. शिवाय गल्लीत भांडायला दुसरं कोणी उरलेलं नाही, हेही त्यांनी कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं.

बेत असा ठरला. रविवारी एकच्या सुमाराला आनसेल्मो नेलिदाला लिंबं आणायला कोपऱ्यावर पाठवतील. सोराइदाबाई भिंतीपलीकडून "माझी कोंबडी आली का हो तुमच्याकडे?" असं विचारतील. "आली" म्हटलं की हंडी भिंतीवरून इकडे यायची. मात्र घरात शेगडी पेटलेली दिसली पाहिजे, भांडी खरकटी दिसली पाहिजेत, नाहीतर गणिताची बाई ताळा करून बघणारच. म्हणून देखाव्यापुरती एक हंडी आनसेल्मोंनी स्वतःही चढवायची होती. मीठ शेवटी टाका, एवढं एकच बाईंनी त्यांना सांगितलं, आणि कांदा, लसूण, पिवळी मिरची तेलात परतून वरून घालायची असते, हेही दया येऊन सांगितलं.

रविवारी नेलिदा सकाळच्या बसने नऊलाच हजर झाली. हातात मोठी निळी बॅग, रिकामी, म्हणून चालताना उडत होती. आनसेल्मोंची हंडी तोवर शेगडीवर चढली होती, झाकण बसलं होतं, फोडणी त्यांनी डोळे किलकिले करून घातली होती आणि दार ओढून घेतलं होतं. त्यांनी मुलीला पुढच्या मांडवाखाली बसवायचा प्रयत्न केला. ती परसात जाऊन बसली. उन्हात बरं वाटतं म्हणाली, आणि पालथी घातलेली द्राक्षाची पेटी ओढून नेमकी त्या खचलेल्या भिंतीसमोर बसली.

दहा वाजले, अकरा वाजले. आनसेल्मोंनी तिला आईच्या थडग्यावर फुलं वाहून यायला सुचवलं. बसमधून उतरल्यावर ती आधी तिथेच गेली होती. लिंबं आणायला सांगितलं, तर तिने पिशवीतून सहा लिंबं काढली. शेजारपाजारच्यांना भेटून ये म्हणावं, तर ती म्हणाली की शेजारी आपणच भेटतील. स्वयंपाकघरातून ओळखीचा वास यायला लागला होता. आनसेल्मोंनी तिकडे पाठ केली.

साडेबाराला भिंतीपलीकडून आवाज आला. "शेजारी, माझी कोंबडी आली का हो तुमच्याकडे?"

"नाही," आनसेल्मो मोठ्याने म्हणाले. "आणि आत्ता येऊही नये. घरी पाहुणे आहेत."

"मग ती गार होईल," सोराइदाबाई म्हणाल्या.

आनसेल्मो पुढे काही बोलायच्या आत भिंतीच्या त्या गुळगुळीत जागेवर दोन जाड हात आले, आणि हातांत फडक्याने बांधलेली हंडी. नेलिदा पेटीवरून उठली. आश्चर्य नाही, प्रश्न नाही. तिने गुडघा भिंतीच्या एका खाचेत रोवला, फडक्याची गाठ डाव्या हाताने खालून धरली, उजवा हात हंडीच्या बुडाला लावला आणि एक थेंब न सांडता हंडी अलगद इकडे घेतली. हे तिने इतक्या सहज केलं की भिंतीतली ती खाच आठ-दहा वर्षांच्या पोरीच्या गुडघ्याएवढी आहे, हे आनसेल्मोंना त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं.

"मावशी, फडकं उद्या देते," ती म्हणाली.

"सावकाश दे," पलीकडून उत्तर आलं, आणि मग सोराइदाबाईंच्या लक्षात आलं असावं की ही आठ वर्षांची नेलिदा नव्हे. पलीकडे एकदम सामसूम झाली.

आनसेल्मो पेटीवर बसले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, हंडीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. मांजरं नव्हती तर.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"मला आठवतंय तेव्हापासून. माझ्याआधी आईच घ्यायची."

मग तिने ते सांगितलं, शाळेत सांगते तसं एकेक पायरी करून. दोमितीलाला पायार कधी जमलाच नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी तिने तो करपवला आणि रडत मागच्या भिंतीशी गेली. सोराइदाबाई हाताने तरबेज, पण त्यांना जमीन नव्हती, नवरा ट्रकवर. इकडे खोऱ्यातला सगळ्यात चांगला दाणा, तिकडे सगळ्यात चांगला हात. दोघींनी तिथल्या तिथे ठरवलं: दाणे तू द्यायचे, शिजवायचं मी, अर्धं तुझं अर्धं माझं, आणि तोंड बंद. दृष्टीचा नियम त्याच दिवशी निघाला. दोमितीलाची आजी तर पायारच खात नसे. तिला गॅस व्हायचा.

आनसेल्मोंना राग आला. राग कोणावर करायचा ते कळेना, म्हणून तो आणखी आला. चव्वेचाळीस वर्षं ज्या बाईच्या पायारला आपण गल्लीभर नावं ठेवली, तोच पायार आपण दर रविवारी दोन-दोन ताटं चापत होतो, आणि ते त्या बाईला, बायकोला आणि पोरीला, सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्या खोऱ्यात एकच बावळट होता आणि तो द्राक्षाच्या मांडवाखाली बसून भाषण करत होता.

"म्हणजे तुझ्या आईच्या हातचं मी कधी खाल्लंच नाही," ते म्हणाले. राग तिथेच संपला आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं.

"खाल्लंत की. वर्षभर खाल्लंत." नेलिदा त्यांच्याशेजारी पेटीच्या कडेवर बसली. "पुराच्या वर्षी. चर्चमध्ये माझं पहिलं कम्युनियन झालं, त्या जेवणात तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, सोराइदाबाईंचा पायार बदकांना घालायच्या लायकीचा आहे. मावशीनं वर्षभर आईशी बोलणं टाकलं. हंडी बंद. मग आईलाच करावा लागला."

"तो गाळ होता," आनसेल्मो म्हणाले.

"गाळ नव्हता, बाबा. रेडिओ होता. मालिका लागली की आई हंडी विसरायची. पहिल्या रविवारी ती थरथरत होती. तुम्ही घास घेतलात, डोळे मिटलेत, आणि म्हणालात, नदीनं घात केला. आणि दोन्ही ताटं संपवलीत. दर रविवारी. आई मला म्हणायची, तुझ्या बाबांना सगळं कळतं. पण बायकोचं नाव घ्यायचं नाही, म्हणून बिचारे नदीला धरतात. असा माणूस मिळायला नशीब लागतं, म्हणायची. शेवटच्या तापातसुद्धा म्हणाली." ती त्यांच्याकडे वळली. "तुम्हाला ठाऊक होतं ना?"

आनसेल्मोंनी तोंड उघडलं. आयुष्यात आयतं श्रेय समोर आलं आणि त्यांनी ते घेतलं नाही, असं कधी झालं नव्हतं. नुसतं "हो" म्हणायचं होतं. पोरीचे डोळे भरले होते, आणि एका हुशार, उदार, बायकोवर जीव टाकणाऱ्या माणसाची जागा समोर रिकामी होती.

"नाही," ते म्हणाले. "मला खरंच गाळ वाटला होता."

नेलिदा बघत राहिली. आणि त्याच वेळी स्वयंपाकघराच्या दाराखालून निळसर धूर बाहेर आला. आनसेल्मोंनी सवयीने वर नाक केलं, हुंगलं, आणि तोंडातून शब्द निघून गेला, "गाळ."

ती उठून आत गेली. झाकण उघडू नकोस, असं ते मागून म्हणाले, पण तोवर शेगडी बंद झाल्याचा आणि झाकण बाजूला ठेवल्याचा आवाज आला होता. ते दारात जाऊन उभे राहिले. उंबऱ्याच्या आत जावं की नाही, हे अजून त्यांच्या पायांना ठरवता येत नव्हतं. नेलिदाने हंडीत डाव घातला. वरचा पायार शिजला होता, बराचसा मोडला होता, मधे कुठे कुठे साल राहिलं होतं, आणि बुडाला तपकिरी खरवड धरली होती. तिने एक चमचा तोंडात घातला आणि तशीच उभी राहिली.

"टाकून दे," आनसेल्मो म्हणाले. "बॅग भरतो मी."

तिने फडताळातून ताट घेतलं, भरून वाढून घेतलं, टेबलाशी बसली आणि खायला लागली. रडत खात होती की हसत, ते सांगणं कठीण होतं. दोन्ही होत असावं. ताट संपलं तशी ती पुन्हा उठली आणि खरवड खरवडून काढली. हंडीच्या बुडावर डाव घासल्याचा तो कर्र आवाज ऐकला आणि आनसेल्मोंना एकदम पुराच्या वर्षातले सगळे रविवार आठवले. तेव्हाही आतून असाच आवाज यायचा. दोमितीला दार लावून तळ घासत असायची, आणि बाहेर ते नदीला शिव्या देत असायचे. ते उंबरा ओलांडून आत आले, मुलीसमोर बसले, आणि तिने दिलेल्या खरवडीचा घास घेतला. त्यांनी डोळे मिटले. हीच. हीच होती तिच्या हातची चव, आणि ती त्यांनी वर्षभर नदीच्या नावावर लावली होती. त्यांच्या गालावरून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही.

"तर?" बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं. "बॅगेचं काय?"

"भरा," नेलिदा म्हणाली, आणि त्यांचा चेहरा पाहून पुढे बोलली, "दाण्यांनी. रिकामी बॅग घेऊन परत गेले तर बसवाला हसेल. ताट संपलंय, बाबा. मी शब्दाची पक्की आहे. फक्त ते डबे बंद."

बॅगेत आठ किलो पायार बसला. चालताना ती आता उडत नव्हती. बस गेल्यावर आनसेल्मो घरी आले आणि परसात गेले, तर सोराइदाबाई भिंतीवर कोपरं टेकून उभ्या होत्या. पेटीशेजारी त्यांची हंडी जशीच्या तशी होती, फडक्याची गाठसुद्धा सुटली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण बाईंचा चेहरा तसं म्हणत नव्हता. चव्वेचाळीस वर्षं दुसरीच्या नावावर गेली आणि आज करपलेल्यापुढेही हार, असं त्यांनी पुटपुटून ऐकवलं.

आनसेल्मोंनी आतून चमचा आणला. पेटीवर बसून गाठ सोडली, झाकण काढलं, आणि दोन्ही डोळ्यांनी हंडीत पाहिलं. पायार लोण्यासारखा शिजला होता, पिवळ्या मिरचीचा तवंग वर आलेला. त्यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. भिंतीपलीकडे श्वास थांबला. या क्षणी काय बोलायचं ते बसस्टॉपपासून त्यांनी पाठ करत आणलं होतं. क्षमा मागायची होती, बदकांचं मागे घ्यायचं होतं, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने या हाताचं नाव घ्यायचं होतं. पण जीभ जुन्या वाटेने गेली.

"मीठ जरा कमी आहे," ते म्हणाले.

"ठाऊक आहे," सोराइदाबाई म्हणाल्या. "दर सोमवारी दोमितीला येऊन सांगायची. चव्वेचाळीस वर्षं मुद्दाम कमी टाकतेय."